वर गेलेला चेंडू, विहिरीतला दगड आणि चिन्हांचा घोळ

खानापूरकडच्या, पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला) असलेल्या एका मुलानं विचारलंय ते थोडक्यात असं: 'चेंडू सरळ वर फेकला की सगळ्यात वर पोचल्यावर त्याचा वेग शून्य होतो. मग तिथं त्वरण पण शून्य व्हायला पाहिजे की. सर म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचं ९.८ च राहतं. दुसरं, एकाच गणितात मी ९.८ ला उणे चिन्ह दिलं, मित्रानं अधिक दिलं, आणि उत्तर दोघांचं एकच आलं. बरोबर कोण? दहावीपर्यंत मराठीतून शिकलो, आता सगळं इंग्रजीत आहे, म्हणून सूत्रं नुसती पाठ करायलोय.'

बेळगावात पीयूच्या मुलांना फिजिक्स शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी पहिल्या पावसाबरोबर यायचा, कारण एकरेषीय गतीचं प्रकरण तेव्हाच चालू असायचं. प्रश्न विचारलास ते बरं केलंस. बरीच मुलं न विचारता दोन वर्षं काढतात आणि सीईटीत तिथंच आपटतात.

आधी त्वरणाचं बघू. मराठीतून आलास म्हणून तुझं नुकसान झालं असं समजू नकोस, पण हा एक शब्द मात्र जरा फसवा आहे. 'त्वरा' म्हणजे घाई, म्हणून त्वरण म्हटलं की जोरात पळणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. जोरात पळण्याशी त्वरणाचा काही संबंध नाही. हायवेवर ताशी ८० च्या एकसारख्या वेगानं सरळ चाललेल्या गाडीचं त्वरण शून्य असतं. सीबीटीतून, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडातून, जेमतेम हललेल्या लाल बसचं नसतं. वेग किती आहे हा एक प्रश्न आणि दर सेकंदाला तो किती बदलतोय हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे त्वरण.

दूधवाल्याचं खातं घे. महिन्याच्या सुरुवातीला त्याच्याकडं ३०० रुपये आगाऊ ठेवलेत आणि रोज १०० रुपयांचं दूध येतंय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुझी शिल्लक शून्य. म्हणून दूध यायचं थांबलं का? चौथ्या दिवशीही तेवढंच आलं आणि शिल्लक उणे १०० झाली, म्हणजे उधारी सुरू झाली. शिल्लक शून्य झाली तरी दिवसाला शंभर कमी होण्याचा दर काही हलला नाही.

आता चेंडू. सेकंदाला १९.६ मीटर वेगानं सरळ वर फेकला. ताशी सत्तरच्या आसपास, म्हणजे अगदी हाताच्या फेकीनं नाही, पण बॅटनं उंच उडवलेला झेल समज. एका सेकंदानं वेग ९.८. दोन सेकंदांनी शून्य. तीन सेकंदांनी उणे ९.८, चारला उणे १९.६ आणि चेंडू परत हातात. प्रत्येक सेकंदाला शिल्लक ९.८ नं उतरतेय. दुसऱ्या सेकंदाला ती शून्यावरून गेली एवढंच. तिथं त्वरणही शून्य झालं असतं तर वेग शून्यच राहिला असता, आणि व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर प्रत्येक उंच झेलाचा चेंडू आभाळात टांगलेला दिसला असता.

तरीपण 'वर थांबतो' असं आपल्या डोळ्यांना का वाटतं? हे तू घरी बघ. हल्ली बऱ्याच मोबाइलमध्ये स्लो-मोशन असतं, सेकंदाला २४० चित्रं घेणारं. मोबाइल भिंतीला टेकवून स्थिर ठेव, मागं पांढऱ्या भिंतीवर मापाची टेप चिकटव, टेनिसचा चेंडू वर टाक. मग सगळ्यात वरचं चित्र शोध आणि तिथून बारा चित्रं मागं, बारा चित्रं पुढं जा. ही सगळी मिळून दहावा भाग सेकंद. तेवढ्या वेळात चेंडू वरच्या टोकाखाली जास्तीत जास्त १.२ सेंटिमीटर गेलेला दिसेल. चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या घरात. स्वतःच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढंही तो हललेला नाही, मग डोळ्याला थांबल्यासारखा वाटणारच. पण चोवीस चित्रांतली कुठलीही लागोपाठची दोन घे, वेग बदललेलाच असतो.

यातून एक गंमत निघते. वरच्या गणितात चेंडू १९.६ मीटर उंच जातो आणि चार सेकंद हवेत असतो. त्यांतले दोन सेकंद तो एकट्या वरच्या ४.९ मीटरमध्ये काढतो. म्हणजे उंचीचा वरचा चौथा हिस्सा आणि वेळेचा मात्र अर्धा. चेंडू कितीही जोरात फेक, हिशेब हाच राहतो. व्हॉलीबॉलमध्ये उडी मारणारा खेळाडू जाळीच्या वर 'तरंगतो' म्हणतात, ते यामुळंच.

आता चिन्हं. खरं दुखणं इथं आहे, म्हणून जरा सावकाश जातो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतःच फळ्यावर लिहिलं होतं: 'उणे त्वरण म्हणजे वेग कमी होणे.' मागच्या बाकावरची एक मुलगी उठली नि म्हणाली, 'सर, चेंडू खाली येताना वेग वाढतोय की. मग तिथं उणे ९.८ कसं काय?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. घंटा होईपर्यंत काहीबाही बोलत राहिलो. त्या रात्री झोप नाही लागली नीट.

बेळगाव स्टेशनावर उभा आहेस असं धर. रुळाची एक बाजू लोंढ्याकडं जाते, दुसरी घटप्रभेवरून मिरजेकडं. मी ठरवलं, लोंढ्याची बाजू अधिक. आता मिरजेकडं निघालेली गाडी बघ. तिचा वेग उणे, कारण ती उणे बाजूला चाललीय. ती वेग पकडतेय, म्हणजे वेग उणे ५, उणे १०, उणे १५ असा जातोय. बदलही उणे, म्हणून त्वरण उणे. आणि गाडी तर जोरात पळायला लागलीय! मिरजेकडून येऊन बेळगावात थांबत असलेल्या गाडीचा वेग अधिक, पण तो कमी होतोय, म्हणून तिचंही त्वरण उणे. दोन्ही त्वरणं उणे. एक गाडी वेग पकडतेय, दुसरी थांबतेय. तेव्हा नुसत्या त्वरणाच्या चिन्हावरून गाडी थांबतेय का पळतेय ते कळत नाही. ते वेगाच्या चिन्हाशेजारी ठेवून बघायचं. दोन्ही चिन्हं सारखी असली तर चाल, म्हणजे चिन्ह सोडून वेगाचा नुसता आकडा, वाढते; विरुद्ध असली तर कमी होते. वर जाणारा चेंडू: वेग अधिक, त्वरण उणे. खाली येणारा: दोन्ही उणे. त्या मुलीला हे उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं.

(कुणी हुशार पोरगा म्हणेल, रूळ तर देसूरच्या पुढं वळतात, मग ही सरळ रेषा कुठली? रुळालगत मोजत गेलास तर एकाच आकड्यानं गाडीची जागा सांगता येते. मागं-पुढं आणि चाल कमी-जास्त होण्याचा हिशेब तेवढ्यावर होतो. वळणावर दिशा बदलल्यामुळं जे वेगळं त्वरण येतं ते पुढच्या प्रकरणात.)

आता तुझ्या आणि मित्राच्या भांडणाकडं येऊ. आपल्याकडं जुन्या घरांच्या परसात विहिरी असतातच, म्हणून विहिरीचंच गणित घेतो. कट्ट्याशी उभं राहून तू एक खडा सेकंदाला ४.९ मीटर वेगानं सरळ वर टाकलास. दोन सेकंदांनी तो पाण्यावर आदळला. हातापासून पाणी किती खोल?

बहुतेक मुलं दोन तुकडे करतात. वर जायला अर्धा सेकंद, तेवढ्यात चढला १.२२५ मीटर. उरलेल्या दीड सेकंदात खाली ११.०२५ मीटर. वजाबाकी केली की ९.८ मीटर. उत्तर बरोबर आहे, पण हा रस्ता लांबचा, आणि परीक्षेत घाईघाईत १.२२५ वजा करायचं राहून जातं.

एका दमात करायचं तर असं: हात म्हणजे शून्य, वरची बाजू अधिक. विस्थापन (निघालेल्या जागेपासून शेवटी किती लांब आणि कुठल्या बाजूला) = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. ४.९ × २ म्हणजे ९.८, अर्धा × (उणे ९.८) × ४ म्हणजे उणे १९.६. बेरीज उणे ९.८. खडा हाताच्या ९.८ मीटर खाली आहे. मधे तो वर गेला होता का, कुठं वळला, याची समीकरणाला फिकीर नाही, कारण वर जाताना आणि खाली येताना त्वरण तेच होतं.

तुझ्या मित्रानं खालची बाजू अधिक धरली असणार. मग त्याचं त्वरण अधिक ९.८, पण फेकीचा वेग त्याला उणे ४.९ लिहावा लागतो, आणि शेवटी विस्थापन अधिक ९.८ येतं, म्हणजे हाताच्या खाली ९.८ मीटर. दोघंही बरोबर. खड्याला तुमची चिन्हं माहीत नसतात. चूक होते ती अर्धवट अदलाबदलीत: त्वरणाला अधिक दिलं आणि फेकीचा वेगही अधिकच ठेवला. तसं केलंस तर खडा वर न टाकता खाली मारलाय असा अर्थ होतो, आणि विहीर २९.४ मीटर खोल निघते. हे एकदा मुद्दाम चुकवून बघ.

हेच गणित उलटं फिरवलं तर मला फार आवडतं. विहीर ९.८ मीटर खोल आहे हे माहीत आहे, वेळ काढायची आहे. वेळेला टी म्हण. समीकरण येतं: टी² − टी − २ = ०. उत्तरं दोन: २ आणि उणे १. सगळी मुलं उणे १ वर काट मारतात, 'वेळ उणे नसते' म्हणून. काट मारायला हरकत नाही, पण आधी ते उत्तर काय सांगतंय ते ऐक. तू खडा टाकायच्या एक सेकंद आधी कुणीतरी पाण्याजवळून तो सेकंदाला १४.७ मीटरनं वर फेकला असता, तर बरोबर शून्य वेळी तो ४.९ च्या वेगानं तुझ्या हातासमोरून गेला असता, आणि पुढं सगळं तुझ्या खड्यासारखंच झालं असतं. समीकरणाला तुझा हात माहीतच नाही. ते मागचंही सांगतं आणि पुढचंही. पाण्यावर आदळतानाचा वेग काढ: ४.९ − १९.६ = उणे १४.७. आकडा तोच, बाजू उलटी.

सूत्रं पाठ करतोस म्हणालास, त्यावर. तीनच सूत्रं आहेत, आणि तीही एका चित्रातून निघतात. आडवी वेळ, उभा वेग असा आलेख काढ. त्वरण कायम असेल तर तिरकी सरळ रेघ येते. त्या रेघेखालचा तुकडा म्हणजे कापलेलं अंतर. वेग मधे उणे होत नाही तोवर हे असंच आहे. रेघ शून्याखाली गेली की तिथला तुकडा वजा धरायचा आणि मिळतं ते विस्थापन. तुकड्याचा आकार एका अंगाला निमुळत्या शेतासारखा. मोजणीवाला काय करतो? खाली एक आयत, वर एक त्रिकोण. आयत म्हणजे सुरुवातीचा वेग × वेळ, त्रिकोण म्हणजे अर्धा × त्वरण × वेळ × वेळ. तो 'अर्धा' कुठून आला हे मुलांना माहीत नसतं. त्रिकोणाच्या क्षेत्रफळातून आला, बस्स. फक्त इथलं क्षेत्रफळ गुंठ्यात येत नाही. मीटर-प्रति-सेकंदाला सेकंदानं गुणलं की मीटरच उरतो.

त्रिकोणाचं हे हत्यार गॅलिलिओकडं होतं. त्याच्या हातात सेकंद दाखवणारं घड्याळ नव्हतं. त्यानं उतरत्या खाचेतून गोळी सोडली आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेनं पडलेलं पाणी तोललं. हे सगळं १६३८ साली छापून आलं. वर्गात मी पाणी तोलत बसायचो नाही. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, खाच वर करून, एक टोक वीतभर उचललेलं. वरच्या टोकापासून १०, ४०, ९०, १६० सेंटिमीटरवर आडवे बारीक दोरे बांधायचे, गोळीला टेकतील न टेकतील असे. गोळी सोडली की टक्, टक्, टक्, टक् असा आवाज येतो, अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त अंतरानं, लेझमीच्या ठेक्यासारखा एकसारखा. दोऱ्यांमधली अंतरं १०, ३०, ५०, ७०, म्हणजे एकास तीन, पाच, सात; आणि ठोके मात्र सारखे. दोरे समान अंतरावर बांधून दाखवले की ठेका पुढं पुढं घाई करतो. हा प्रयोग पाहिलेला मुलगा 'वेळेचा वर्ग' विसरल्याचं मला आठवत नाही.

सरासरी वेगात मुलं हमखास फसतात, तेवढं सांगतो. बेळगाव ते खानापूर २६ किलोमीटर धर. जाताना ताशी ५२ नं गेलास, अर्धा तास. येताना पावसामुळं ताशी २६, एक तास. सरासरी चाल ३९ नाही. ५२ किलोमीटर, दीड तास, म्हणजे ताशी ३४.७ च्या जवळ. हळू चालण्यात वेळ जास्त गेला, म्हणून सरासरी तिकडं झुकते. आणि सरासरी वेग? तो विस्थापनावरून काढतात, म्हणून शून्य, कारण निघालास तिथंच परत आलास. दुचाकीचं पेट्रोल मात्र अंतराप्रमाणं जळतं, विस्थापनाप्रमाणं नाही.

त्या क्षणाचा वेग समजायला बसची खिडकी पुरे. निपाणीला जाताना हायवेवर पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड येतात, मधे दर २०० मीटरला छोटे दगड. मोबाइलवर वेळ लाव. दोन मोठ्या दगडांमध्ये ४८ सेकंद लागले तर ३६०० ला ४८ नं भाग: ताशी ७५. बेळगाव-निपाणी ७५ किलोमीटरला बसनं दीड तास घेतला असेल तर पूर्ण प्रवासाची सरासरी ताशी ५०, कारण संकेश्वरात ती उभी राहिली, फाट्याफाट्यावर माणसं घेतली. अंतर कमी कमी करत जा: ७५ किलोमीटर, मग १, मग २०० मीटर. ड्रायव्हरसमोरचा काटा ज्या आकड्याकडं बोट दाखवतो, त्याच्या जवळ जवळ जाशील. पुस्तकात हेच 'लिमिट' म्हणून येतं आणि मुलं घाबरतात. ग्रहांच्या गतीसाठी भास्कराचार्यांनी ११५० साली 'तात्कालिकी गती' हा शब्द वापरलाय. त्या वेळेपुरती गती. शब्द आपल्याच घरातला आहे.

तिसरं सूत्र, वेळ नसलेलं (शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन), मी नेहमी ऊसहंगामात शिकवायचो. वंटमुरीच्या घाटात रात्री पुढं मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली आहे असं समज. ब्रेकनं दर सेकंदाला वेग सेकंदी ६ मीटरनं कमी होतोय. ताशी ४० असेल तर ब्रेक दाबल्यावर थांबायला १० मीटर. ताशी ८० ला २० नाही, ४१ मीटर, कारण वेगाचा वर्ग येतो. शिवाय ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिल्या गाडीचे आणखी ११ मीटर नि दुसरीचे २२. एकूण २१ आणि ६३. दुचाकीच्या दिव्यात तुला किती मीटरवरचं दिसतं ते एकदा अंधारात मोजून बघ.

हे सगळं त्वरण कायम असेल तरच लागू. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा. हवा नसती तर पाण्याला खाली यायला ३.३ सेकंद लागले असते आणि तळाशी वेग सेकंदाला ३२ मीटर झाला असता. प्रत्यक्षात धारेचा तुषार होतो, तुषाराला हवा अडवते, आणि आकडे जुळत नाहीत. पावसाचं तर विचारूच नकोस. एक किलोमीटरवरून पडणारा थेंब सूत्राप्रमाणं ताशी ५०० किलोमीटरनं कणकुंबीतल्या छत्रीवर आदळायला हवा. मोठ्यात मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच येतो, कारण हवेचा विरोध वाढत वाढत वजनाएवढा झाला की त्वरण शून्य होतं. बघ, तू शोधत होतास ते शून्य त्वरण इथं सापडतं, आणि इथं वेग शून्य नाही. चंद्रावर हवाच नाही; १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं तिथं हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम टेकली.

९.८ चंही एक. बेळगाव विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आणि सातशे-साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणून इथं खरा आकडा ९.७८ च्या आसपास. लॅबमध्ये लंबकानं ९.७८ काढून आणणाऱ्या मुलाला 'चुकलं' म्हणू नये, एवढ्यासाठी सांगितलं. पेपरात ९.८ च घाल. गणितात १० घ्या म्हटलं असेल तर १०.

राहता राहिले मार्क. गणित सोडवायच्या आधी एक ओळ लिहायची: शून्य कुठं धरलं आणि अधिक बाजू कुठली. शेजारी छोटा बाण काढ. तपासताना मी हजारो पेपर बघितलेत. उत्तरात नुसतं 'उणे ९.८' आणि वर कुठंच दिशा लिहिलेली नाही, अशा वेळी परीक्षकाला समजत नाही की मुलाला कळलंय का चुकून आलंय. मग तो अर्धा मार्क कापतो. तुझा आणि मित्राचा पेपर शेजारी शेजारी आला असता आणि दोघांनीही ती ओळ लिहिली असती, तर उणे ९.८ आणि अधिक ९.८ या दोन्ही उत्तरांना मी पूर्ण मार्क दिले असते.